सैल पट्ट्यावरचं वर्ष

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तुझा आवाज मला हल्ली नुसता खळखळाट लागतो. तू विचारतेस जेवलास का, आणि मी सांगतो हो, निळाच रंग दिला. मोबाइलवर लिहायचं तर तुझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. तेव्हा आपली पत्रंच बरी.

डावा कान गेला ते तुला माहीतच आहे. उजव्यात थोडी धुगधुगी आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याच्या शेवटी ऑपरेशन ठरवलंय. आत एक यंत्र बसवणार. त्यानंतर माणसांचं बोलणं कळायला लागेल म्हणतात, पण उजव्या कानाचं आपलं म्हणून जे उरलंय ते बहुतेक जाईल, आणि गाणं पूर्वीसारखं लागणार नाही. बाईंनी हे सरळ सांगितलं. मला सरळ बोलणारी माणसं आवडतात. चाळीस वर्षं मीही लोकांना सरळच सांगत आलो, की दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा.

आता गंमत ऐक. परवा पेपरच्या पुरवणीत पानभर छापून आलं होतं, एकाहत्तर सालातले रॉकचे सगळ्यात चांगले अल्बम आणि सगळ्यात चांगली सुटी गाणी. मामांनी बोटीवरून ट्रंक भरून रेकॉर्डी पाठवल्या ते आपलं वर्ष. मी नावं वाचली आणि एक ओळखीचं निघेना. मग कव्हरांवरच्या चित्रांवरून शोधायला लागलो, आपण तरी चित्रं बघूनच नावं ठेवली होती. घोडा पाचवा आहे. समुद्राचं पाणी लागून फुगलेली आपली ‘ओली’ दुसरी. पिवळी सापडेचना, कारण अण्णांनी, शिंपी बाप म्हटल्यावर काय, तिच्या कव्हरातून कॉलरचा साचा कापला होता आणि उरलेलं अर्धंच आपण बघत मोठे झालो. शेवटी अकराव्या जागी भेटली. तिच्यावर एक बाई आहे गं. आपल्याला नुसती कोपरंच माहीत होती.

म्हटलं, ऑपरेशनआधी ते अख्खं वर्ष पुन्हा एकदा ऐकून घ्यावं, म्हणजे सोबत नेता येईल. पोरीने मोठाले हेडफोन आणून दिले, सगळी गाणी फोनवर शोधून दिली. बसलो, आणि ताई, एकही गाणं जागेवर नाही. सगळी वरच्या पट्टीत, सगळ्यांना घाई. पिवळीतला तो म्हातारा आठवतो ना, खर्जात, झोपेत बोलल्यासारखा गाणारा? तो विशीतल्या पोरासारखा ओरडतोय. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कान असा जायला लागला की कधी कधी सूर वरखाली लागतात. म्हणजे मी पोहोचायच्या आधीच दुकान बंद झालं.

पोरीला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस. तेवढं एक कळव, तो म्हातारा म्हाताराच होता ना?

तुझा लोभ मला मोठ्याने ओरडूनही ऐकू येतो, तेवढा राहू दे.
तुझा,
बारक्या


१४ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तरी तुला बारक्याच म्हणते. चालवून घे. तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांत गळ्यापर्यंत बुडाले होते. निळे फ्रॉक, करड्या चड्ड्या, आणि प्रत्येकीच्या आईला वाटतं आपली मुलगी वर्षभरात हातभर वाढणार. वाढीव शिलाई ठेवून ठेवून माझी बोटं दुखतात.

तो म्हाताराच होता. मला चांगलं आठवतं. मी तर त्याला पांढरी दाढीही दिली होती मनात. आणि पिवळी अकरावी? त्या पेपरवाल्याला कुणीतरी दुपारी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपवून ऐकवायला हवी होती. अण्णा वर मशीन चालवताहेत, खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, आणि तो म्हातारा हळूहळू गातोय. शब्द एक कळत नव्हता. त्यामुळे तो आपल्याबद्दलच गातोय असं वाटायचं. निदान मला वाटायचं. तू दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपायच्या आत तोंड उघडं टाकून झोपलेला असायचास.

घोड्याला पाचवा नंबर मात्र जास्तच झाला. घोडा तू उगाच डोक्यावर घेतला होतास, त्यात नुसता दणदणाट. सुट्या गाण्यांत आपलं शिट्टीवालं आहे का ते लिही. नसेल तर ती यादी रद्दीत घाल.

कानाचं वाचून हातातला फ्रॉक बाजूला ठेवला रे. खोटं कशाला सांगू. पण गाणी गेली म्हणून रडत बसू नकोस. उद्या बोलणी ऐकू यायला लागतील. शेजाऱ्यांची भांडणं तुझ्यावाचून वाया चालली आहेत. बाई सांगतील तसं वाग.

आशीर्वाद रोजचेच, आज थोडे वाढीव शिलाईने.
ताई


२१ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुला चोरून लिहितेय. बाबा ऑपरेशनला नाही म्हणताहेत. काल दवाखान्यात स्पष्ट सांगून आले. मला म्हणाले, जो कान लहानपणची गाणीसुद्धा खोटी ऐकवतो त्यात आणखी एक यंत्र कशाला कोंबायचं, आहे ते संपू दे. त्यांनी तुला मला सांगायला मनाई केली असणार. पण दातांच्या दवाखान्यात रोज तोंडं उघडवायचं माझं काम आहे. त्यांचंही उघडलंच.

आत्या, मी तीच गाणी तेच हेडफोन लावून ऐकली. मला तर नीट वाटली. तसं सांगितलं तर म्हणाले, तू माझं मन राखतेस. दिवसभर खुर्चीत बसून एकेक लावतात, थोडं ऐकतात, मान हलवतात, बंद करतात. खरं तर ऐकायचंही सोडत नाहीत, हे जास्त वाईट.

गेल्या आठवड्यात रस्ता ओलांडताना मागून मोटरसायकल आली. हॉर्न ऐकू आला नाही. एका भाजीवालीने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन मला म्हणाले, आज एका बाईने माझा हात धरला. हसले, आणि त्या दिवशी पुन्हा घराबाहेर पडले नाहीत. उरलेला कान फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि उशीर केला तर यंत्राचाही फायदा कमी. बाबांना ते कळतं. फक्त ते रुसलेत, आणि कुणावर रुसलेत तेच मला समजत नाही.

तुझं ते ऐकतात. काहीतरी लिही.

मला तुझी माया हवी आहेच, पण या महिन्यात माझ्या वाटणीची बाबांना दे.
तुझी भाची


२५ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

धपाटा कशाबद्दल ते तुला माहीत आहे. घरात दातांची परिचारिका असताना गुपितं ठेवू नयेत.

आता शांतपणे वाच. काल बटणं आणायला गेले होते. बटणवाल्याचा रेडिओ चालू असतो. मी निळ्या फ्रॉकला निळं बटण लावून बघत होते आणि रेडिओवर घोडा लागला. तुझा घोडा. चार ठोक्यांत ओळखला. आणि बारक्या, तो पळत होता. पट्टी चढलेली, गाणाऱ्याच्या मागे कुणी लागल्यासारखी घाई. मी बटण हातात धरून तशीच उभी. बटणवाल्याला विचारलं, रेडिओ बिघडलाय का. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन डझन जास्त घेतली.

घरी येताना विचार करत आले. तुझा कान बिघडलाय, मान्य. माझा तर नाही ना. मी अजून गल्लीच्या टोकाला कुणाची सुई पडली ते सांगते. मग मलाही ते गाणं तुझ्यासारखंच कसं चुकीचं लागलं? दोन माणसांचे कान एकाच मापाने चुकत नाहीत.

आणि मग जिन्यातच बसले. आठवलं. रेकॉर्ड प्लेअर. तो अण्णांना बंद पडलेल्या नाचाच्या हॉलमधून मिळाला तेव्हा आत पट्टा नव्हता. ताटली फिरवणारा रबराचा पट्टा. तो कुठे मिळेना, म्हणून अण्णांनी चड्डीचं इलॅस्टिक कापून, दोन टोकं शिवून, पट्टा म्हणून चढवलं. आपण टाळ्या वाजवल्या होत्या. ते इलॅस्टिक सैल होतं रे. घसरत होतं. आपण ते अख्खं वर्ष हळू ऐकलं. तो म्हातारा कधी नव्हताच. ओरडणारा पोरगाच खरा. त्याला खर्जात उतरवलं आणि झोपाळू केलं ते अण्णांनी.

म्हणजे तुझा कान खोटं बोलत नाहीये. तो इतका पक्का आहे की पन्नास वर्षांपूर्वीच्या चड्डीच्या इलॅस्टिकशी अजून इमान राखून आहे.

ती रेकॉर्ड प्लेअरची पेटी माळ्यावरून काढलीय. मोटर फिरते. इलॅस्टिकचा भुगा झालाय, मी दुसरं शिवते. रेकॉर्डी सगळ्या आहेत. तू आधी दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख पुन्हा ठरव, मग माझ्याशी बोल.

माया कमी झाली असती तर धपाटा दिला नसता, एवढं समजून घे.
ताई


३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं नाही. दुसऱ्यांदा मी स्वतःला शिव्या घातल्या. आयुष्यभर दोर, कप्प्या आणि पट्टे बघितले, घसरणारा पट्टा म्हणजे काय हे शिकाऊ पोरांना शिकवलं, आणि माझ्या घरातला पट्टा घसरत होता ते मला बाईमाणसाने बटणाच्या दुकानातून कळवावं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग डोळ्यांतून पाणी. पोर धावत आली. मी तिला पत्रच दिलं. ती आता मला इलॅस्टिकबाबा म्हणते.

कान कामाचा आहे हे कळल्यावर कसं हलकं वाटलं ते सांगता येत नाही. मी त्याच्याशी उगाच भांडत होतो. तो बिचारा खरं तेच सांगत होता, की बाबा रे, ही तुझी गाणी नव्हेत.

आता विचार कर. जगात त्या पिवळीच्या हजारो प्रती असतील, पण आपली पिवळी फक्त त्या पेटीवर होती. लोकांचं एकाहत्तर आणि आपलं एकाहत्तर वेगळं. आपलं अण्णांनी बेतलेलं. त्यामुळे त्या पेपरवाल्यावर माझा राग नाही. त्याने ऐकलंच नाही ते. शिट्टीवालं मात्र यादीत नाही, ते मी त्याला माफ करणार नाही.

ऑपरेशनची तारीख पुन्हा ठरवलीय, जुलैच्या शेवटचीच. पण माझी एक अट आहे. आधी पेटी वाजली पाहिजे, मग ऑपरेशन. आणि एक शंका. इलॅस्टिक घट्ट झालं तर गाणी बरोबर वाजतील आणि मग उपयोग नाही. जास्त सैल झालं तर रडतील. किती सैल ते तुला कळणार कसं? माप तर अण्णांबरोबर गेलं.

ओरडून दिलेला नमस्कार.
बारक्या


८ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

माप सापडलं. ऐक.

पहिलं इलॅस्टिक नवं कोरं, घट्ट. म्हातारा ठणाणा ओरडायला लागला. दुसरं सैल केलं तर गाणं मध्येच बसकण मारायचं. तिसरं, चौथं, पाचवं. दुकानात इलॅस्टिकच्या वेटोळ्यांचा खच पडला. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, एवढ्या चड्ड्या कुणाच्या. आयुष्यभर लोकांनी मला मापात शिव म्हणून सांगितलं. चूक बरोब्बर जमवायची कशी ते कुणी शिकवलं नाही.

शेवटी कंटाळून अण्णांच्या मशीनवर बसले आणि गणवेश ओढला. पायडल सुरू केलं. पाय आपोआप चालतात, तू बघितलंयस. आणि लक्षात आलं की माझे पाय पिवळीच्या चालीवर चालतात. अण्णा ती लावूनच शिवत असत, त्यांचा पाय तिच्या ठोक्यावर पडायचा. मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले, तेव्हा माझा पायही तिथेच बसला. अजून तिथेच आहे. एवढी वर्षं मी तेच गाणं शिवतेय आणि मला पत्ता नाही.

मग सोपं झालं. पेटी मशीनच्या शेजारी ठेवली, पिवळी लावली आणि शिवत राहिले. एकेक इलॅस्टिक बदलत गेले. जेव्हा पाय आणि गाणं एकत्र पडले तेव्हा थांबले. म्हातारा परत आला होता. बारक्या, तो आला आणि खोलीतलं ऊनसुद्धा सावकाश झालं. मी फ्रॉकची बाही उलटी जोडून ठेवली आणि मला बराच वेळ कळलं नाही.

एक सांगते. शिवण आहे तिथे पट्टा जाडसर आहे. तो चाकावरून जातो तेव्हा दर फेऱ्याला गाणं किंचित हेलकावतं. पूर्वीही हेलकावायचं. आपल्याला वाटायचं ती गाण्याचीच लय आहे.

गणवेश संपले की पेटी मांडीवर घेऊन गुरुवारच्या गाडीने निघते. माझीही एक अट आहे. शेवटची रेकॉर्ड मी निवडणार. घोडा नाही लावणार, आधीच सांगते.

भेटीत लोभ वाढतो म्हणतात, बघू.
ताई


६ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पेटी आणि रेकॉर्डी तुझ्याकडे ठेवून मी सुखरूप पोहोचले. तुझ्या कानामागची पट्टी निघाली आणि जखम स्वच्छ आहे असं भाचीने कळवलंय. यंत्र चालू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर तू अगदी निवांत शांततेत आहेस. मी तिथे असताना पाटीवर लिहून भांडत होतो, पण एक गोष्ट पाटीवर लिहायचा मला धीर झाला नाही. म्हणून हे पत्र.

ते दिवस फार सुंदर गेले. तू स्पीकरला उजवा कान चिकटवून बसलेला, पोर आपल्या दोघांच्या पायांशी उशी घेऊन आडवी, आणि एकाहत्तर साल एकेक बाजूने उलटत होतं. ओली लावली तेव्हा तू डोळे मिटून म्हणालास, आता सुई रेकॉर्ड वाकलीय त्या चढावर आहे, आणि ती होतीच. शिट्टीवालं तर तू पुन्हा पुन्हा लावायला लावलंस. घोडाही लावला मी, अटीबाहेर, आणि कबूल करते, हळू ऐकला की तो वाईट नाही.

पण ती शेवटची दुपार. मी पिवळीची दुसरी बाजू लावली. जन्मात त्या कानाने ऐकायचं ते शेवटचं, हे आपल्याला माहीत होतं. शेवटचं लांब गाणं सुरू झालं आणि तू झोपलास. स्पीकरवर गाल टेकून, तोंड उघडं टाकून, अगदी तसाच. मी हात पुढे केला होता. खांद्यापर्यंत नेला. आणि नाही उठवलं. मला वाटलं इतक्या दिवसांनी या माणसाच्या कपाळावरची आठी गेलीय. गाणं संपलं, तू जागा झालास, संपलं का म्हणून विचारलंस, मी मान डोलावली, आणि तेवढ्यात पोर दवाखान्यात न्यायला गाडी आली म्हणून सांगायला आली. पुन्हा लावायला वेळ नव्हता. तू बॅग उचललीस.

तेव्हापासून मला चैन नाही. तुझं शेवटचं गाणं मी तुला झोपेत घालवू दिलं. मला उठवायला हवं होतं का रे? खरं ते लिही. मन राखू नकोस.

तुझी,
ताई


२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण यंत्र चालू झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. झालं चालू. पोर बोलते ती डब्यात बसून कुणीतरी दटावल्यासारखी वाटते, पण शब्द कळतो. पहिला शब्द ‘बाबा’. मी विचारलं, काय म्हणालीस, फक्त पुन्हा ऐकायला. रस्त्यावर हॉर्न ऐकू येतो. भाजीवालीने हात धरायची आता गरज नाही. तेवढा तोटा झाला.

गाणं मात्र बाईंनी सांगितलं तसंच. पहिल्या दिवशी घोडा लावला तर कुणी जिन्यावरून भांडी सोडून दिल्यासारखं. बाई म्हणतात, मेंदू शिकतो हळूहळू. शिकला तर शिकला. मला वाईट वाटलं, लपवत नाही. संध्याकाळभर पेटीकडे पाठ करून बसलो होतो.

मग एका दुपारी यंत्राचा बाहेरचा भाग कानावरून काढून ठेवला, अगदी शांत झालं, आणि पिवळी लावली. उगाच. ताटली फिरताना बघावी म्हणून. बोटं पेटीच्या कडेवर टेकली होती. ताई, तुझा टाका लागला. दर फेऱ्याला ती शिवण चाकावरून जाते तेव्हा कडेला बारीकसा गचका बसतो, तो बोटाला कळतो. एक, मग थोड्या वेळाने पुन्हा. त्या तालावर आतून म्हातारा गायला लागला. खर्जात, सावकाश, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर अण्णा शिवत होते, उन्हात तंतू तरंगत होते. सगळं जागेवर होतं. हल्ली मी रोज दुपारी तसाच बसतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. उठवलं नाहीस ते बरं केलंस. मी त्या गाण्याचा शेवट लहानपणीही कधी ऐकला नाही, दर वेळी झोपायचो. त्या दुपारी तू उठवलं असतंस तर मी तो पहिल्यांदा ऐकला असता आणि गाणं संपलं असतं. आता बोटं टेकून बसलो की ते सुरू होतं, मी ओळखीच्या त्या वळणापर्यंत जातो, पुढे डुलकी लागते, आणि गाणं पुढे चालूच राहतं. शेवट काय आहे ते मला लिहू नकोस.

एक काम आहे. पट्टा जास्तच सैल पडायला लागलाय, टाका उशिरा उशिरा येतो. दुसरा शिवून पाठव. मात्र मापात शिवू नकोस.

तुझा,
बारक्या